अल्प उत्पन्न आणि जोडीदाराचा ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा : आर्थिक आधार कसा दाखवावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या परदेशी विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना अवलंबित म्हणून सोबत नेता येत नाही. पीएचडी व संशोधनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे विद्यार्थी आणि सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेले विद्यार्थी यांना यातून वगळले आहे. ११ मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्या केअर वर्करांनाही (वृद्ध व आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांनाही) हाच नियम लागू झाला. त्यामुळे महाराष्ट्रातून आणि गोव्यातून गेलेल्या अनेक तरुण जोडप्यांना एकमेकांना भेटण्यासाठी भारतात येणे किंवा जोडीदाराला व्हिजिटर व्हिसावर काही आठवड्यांसाठी बोलावणे, एवढेच मार्ग उरले आहेत. बोलावणाऱ्याची कमाई मात्र बहुधा बेताचीच असते. अशा जोडप्यांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. शुल्क आणि वेतनाचे आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ते एकदा पडताळून पाहावेत.

व्हिजिटर व्हिसासाठी किमान किती उत्पन्न लागते?

असा कोणताही आकडा नियमात नाही. लोकांच्या तोंडी असलेला २९,००० पौंडांचा आकडा ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला कायम वास्तव्यासाठी नेण्याच्या व्हिसाला लागू झाला असून, त्यापूर्वी तो १८,६०० पौंड होता. भेटीच्या व्हिसाशी त्याचा काहीही संबंध नाही. त्याचप्रमाणे विद्यार्थी व्हिसासाठी ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, ती अटही व्हिजिटरला लागू होत नाही. या दोन नियमांची सरमिसळ झाल्याने कित्येक जण विनाकारण नातेवाइकांकडून पैसे उसने घेऊन खात्यात भरतात आणि चांगला चाललेला अर्ज स्वतःच्या हाताने बिघडवतात.

मग अधिकारी नेमके काय पाहतात?

व्हिजिटरसंबंधीचे नियम ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमावलीच्या ‘परिशिष्ट व्ही’मध्ये आहेत. त्यातील ४.२ हा परिच्छेद असे सांगतो की, अर्जदाराकडे नोकरी न करता आणि सरकारी मदत न घेता भेटीचा सर्व वाजवी खर्च, परतीच्या प्रवासासह, भागवता येईल इतका पैसा असला पाहिजे. अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत याचा अर्थ आणखी उलगडला आहे. उत्पन्न किंवा बचत यांतून नेहमीच्या आर्थिक जबाबदाऱ्या वजा केल्यावर जे उरते, त्यात भेटीचा खर्च बसला पाहिजे आणि तो खर्च त्या माणसाच्या एकूण परिस्थितीला शोभेल असाही असला पाहिजे.

अल्प उत्पन्न असणाऱ्यांनी या उत्तरार्धाकडे अधिक लक्ष द्यावे. महिना १८ हजार रुपये मिळवणाऱ्या व्यक्तीने सहा महिन्यांच्या मुक्कामाचा आणि चार लाखांच्या खर्चाचा बेत सांगितला, तर खात्यात चार लाख असूनही अधिकाऱ्याला प्रश्न पडतो की, वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त पैसा एका भेटीवर का खर्च होत आहे? त्याच व्यक्तीने पाच आठवड्यांची भेट, पतीच्या खोलीवर मुक्काम आणि तिकिटासह दीड लाखाचा खर्च सांगितला, त्यातले बहुतेक पैसे पती देणार असल्याचे कागदांतून दाखवले, तर कमी उत्पन्न असूनही अर्ज पटण्याजोगा होतो. अर्ज बहुधा केवळ कमाई कमी असल्याने नाकारले जात नाहीत. कमाई, बेत आणि कागद यांचा मेळ न बसल्याने नाकारले जातात.

सर्व खर्च ब्रिटनमधील जोडीदार करणार असेल तर चालते का?

चालते. याच परिशिष्टातील ४.३ हा परिच्छेद तिसऱ्या व्यक्तीने खर्च उचलण्याची मुभा देतो, परंतु तीन गोष्टी पटल्या पाहिजेत. खर्च उचलणाऱ्याचे अर्जदाराशी खरे वैयक्तिक किंवा व्यावसायिक नाते असावे, त्याने ब्रिटनचे इमिग्रेशन कायदे मोडलेले नसावेत आणि संपूर्ण मुक्कामभर तो खर्च करू शकेल व करीलही, असे दिसावे.

पहिली गोष्ट पती-पत्नीला सोपी असते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र पुरते. ते ग्रामपंचायतीकडून केवळ मराठीत मिळाले असेल तर सोबत भाषांतर जोडावे. लग्नाचे अल्बम जोडू नयेत. व्यक्तिगत छायाचित्रे हे उपयोगी न पडणारे कागद असल्याचे सरकारी मार्गदर्शिकेतच म्हटले आहे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष जपावी. सत्र चालू असताना पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्याला आठवड्यास २० तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. पत्नीच्या अर्जासाठी ‘कमाई जास्त दिसावी’ म्हणून जोडलेल्या पगारपत्रकांत ३० तासांचे काम दिसले, तर अर्ज फेटाळला जाईलच, शिवाय विद्यार्थ्याचा स्वतःचा व्हिसाही धोक्यात येईल.

‘करू शकेल’ हे बँक स्टेटमेंटवरून दिसते. ‘करीलही’ हे दाखवण्यास सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे आजवर केलेला खर्च. पती दर महिन्याला पत्नीच्या खात्यात किंवा स्वतःच्या एनआरई (अनिवासी भारतीयाच्या) खात्यात पैसे पाठवत असेल, तर त्या नोंदी दोन्ही बाजूंच्या स्टेटमेंटमध्ये शाईच्या रेघेने ठळक करून द्याव्यात. नियमितपणे पाठवलेले २०० पौंड हे अर्जाच्या आधी एकदाच पाठवलेल्या २,००० पौंडांपेक्षा जास्त बोलके असतात.

मी केअर वर्कर आहे. माझ्या पगारात पत्नीला बोलावणे शक्य आहे का?

आकडे मांडून पाहू. ९ एप्रिल २०२५ रोजी हेल्थ अँड केअर व्हिसासाठी, म्हणजे आरोग्य व देखभाल क्षेत्रातील नोकरीच्या व्हिसासाठी, किमान वार्षिक वेतन २५,००० पौंड झाले. २०२५-२६ च्या दरांनी त्यातून सुमारे २,४८६ पौंड आयकर आणि सुमारे ९९४ पौंड नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) वजा होतो. म्हणजे हातात महिन्याला सुमारे १,७९० पौंड येतात आणि पेन्शनची वजावट धरली की ते १,७०० च्या आसपास राहतात.

समजा, लीड्समधल्या एका गृहस्थांचा मासिक खर्च असा आहे : सामायिक घरातल्या खोलीचे भाडे वीज-पाण्यासह ५५० पौंड, किराणा २००, बसचा पास ८० आणि मोबाइल १५. घरी आई-वडील आणि पत्नी यांच्यासाठी ते ५०० पाठवतात. एकूण १,३४५ पौंड झाले आणि महिन्याला ३५५ शिल्लक राहिले. सहा महिन्यांत सुमारे २,१०० पौंड साठतात आणि स्टेटमेंटमध्ये ही शिल्लक हळूहळू चढताना दिसते. आता पत्नीच्या पाच आठवड्यांच्या भेटीचा खर्च पाहा : विमानाचे जाण्या-येण्याचे तिकीट समजा ७०० पौंड, वाढीव किराणा २५० आणि फिरणे व स्थानिक प्रवास २५०. एकूण १,२०० पौंड. सगळा खर्च जाऊनही ९०० पौंड उरतात आणि त्या काळातला पगार चालूच राहतो.

हेच गणित अर्ध्या पानावर टाइप करून पगारपत्रके, पी-६० (वर्षाचा पगार व कापलेला कर दाखवणारा मालकाचा दाखला) आणि स्टेटमेंट यांच्यावर लावावे. अशा पानाची सक्ती नाही. तरीही अल्प उत्पन्नाच्या अर्जात ते सर्वांत मोलाचे ठरते, कारण अर्जाचा निर्णय बहुधा मुलाखतीविना, केवळ कागदांवरून होतो आणि अधिकाऱ्याला तुमचा हिशेब स्वतः शोधत बसावे लागत नाही. मात्र त्यातला प्रत्येक आकडा स्टेटमेंटमध्ये सापडला पाहिजे. भाडे ५५० लिहिले आणि खात्यातून ६२० जात असतील, तर ते पान न जोडलेले बरे.

रोखीने मिळणारी जादा कमाई यात धरू नये. जी पगारपत्रकात नाही ती कमाई अर्जापुरती नाहीच, असे समजावे.

माझे पती विद्यार्थी आहेत आणि शैक्षणिक कर्जावर शिकत आहेत. ते माझा खर्च दाखवू शकतील का?

ही बाजू नाजूक आहे. २०२५-२६ मध्ये किमान वेतन १२.२१ पौंड प्रतितास होते. त्या दराने आठवड्याला २० तास काम केल्यास आठवड्याचे सुमारे २४४ पौंड होतात. बहुतेक शहरांत ते खोलीचे भाडे आणि जेवण यांतच संपतात. खात्यात दिसणारी मोठी रक्कम शैक्षणिक कर्जाची असेल, तर ती पुढच्या हप्त्याच्या फीसाठी राखलेली आहे हे अधिकाऱ्याला कळते. ज्या पैशावर विद्यापीठाचा हक्क आहे, तोच पैसा पत्नीच्या भेटीसाठी दाखवता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्याच्या बाबतीत भार वाटून घ्यावा. मुक्काम पतीच्या खोलीवर आणि तिथला किराणा पतीच्या अर्धवेळ कमाईतून. तिकीट आणि वरखर्च पत्नीच्या पगारातून किंवा घरच्यांकडून. पूर्ण फी भरली असेल तर विद्यापीठाची पावती जरूर जोडावी, कारण उरलेला पैसा मोकळा आहे हे तिच्यामुळेच सिद्ध होते. शक्य असल्यास भेट अभ्यासक्रमाच्या अधिकृत सुटीत ठेवावी.

मी गृहिणी आहे. माझ्या नावावर काहीच उत्पन्न नाही. अर्जात काय लिहावे?

जे खरे आहे तेच लिहावे. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिल्याने अर्ज बाद होत नाही. शिवणकाम, शिकवणी, डबे देणे अशी लहानसहान कमाई असेल आणि ती खात्यात किंवा यूपीआयवर जमा होत असेल, तर सरासरी काढून तेवढीच लिहावी. अंगणवाडी सेविका किंवा आशा म्हणून मानधन मिळत असेल तर ते जमा होणाऱ्या खात्याचे स्टेटमेंट पुरेसे असते. ओळखीच्या दुकानदाराकडून ‘आमच्याकडे लेखनिक आहेत, पगार २५ हजार’ असे पत्र आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. अधिकारी फोन करून खात्री करतात. अर्जात फसवणूक आढळली तर दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी लागू शकते.

आमचे उत्पन्न शेतीचे आहे. आयकर विवरणपत्र नाही. काय दाखवता येईल?

सांगली-सातारा भागातून परिचारिका म्हणून गेलेल्या अनेक स्त्रियांचे पती गावी शेती पाहतात. त्यांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, ही गोष्ट व्हिसा अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे धरून चालू नये. पत्रात एका वाक्यात ती सांगावी.

त्यानंतर पैसा कसा येतो हे दाखवावे. सातबारा आणि आठ-अ यांवरून जमीन कोणाची व किती हे कळते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वर्षाचा आकडा देतो. पण खरे वजन पडते ते खात्यात आलेल्या पैशाचे : साखर कारखान्याचे ऊसबिल, बाजार समितीतील आडत्याची पट्टी आणि त्या तारखेच्या पुढेमागे झालेली जमा, दूध संस्थेकडून ठरावीक दिवसांनी जमा होणारे दूधबिल. येथे एक अडचण हमखास येते. दाखला काढताना एखाद्या शासकीय योजनेसाठी उत्पन्न ६० हजार दाखवलेले असते आणि बँकेत ऊसबिलाचे अडीच लाख जमा झालेले असतात. हे दोन्ही कागद एकाच अर्जात गेले की अधिकाऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? दाखला वस्तुस्थितीशी जुळणारा नवा काढावा. ते शक्य नसेल तर तो जोडूच नये आणि बँकेच्या नोंदींवर भिस्त ठेवावी.

शेतीचे उत्पन्न वर्षातून दोन-तीनदाच येते, म्हणून अशा अर्जदारांनी पूर्ण वर्षाचे स्टेटमेंट द्यावे. भेटीसाठी किती महिन्यांचे स्टेटमेंट हवे हे नियमात सांगितलेले नाही. नोकरदारांनी सहा महिन्यांचे देण्याची रीत पडली आहे आणि ती ठीक आहे. एका वर्षापेक्षा जुनी स्टेटमेंट्स मात्र उपयोगाची नाहीत.

सातबारा, दाखला, पतसंस्थेचे पासबुक असे मराठीतले सर्व कागद इंग्रजी भाषांतरासह द्यावे लागतात. भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराचे विधान, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील त्यावर असला पाहिजे.

अर्जापूर्वी खात्यात एकदम मोठी रक्कम भरली तर?

भरू नये, आणि भरली असेल तर ती लपवू नये. वर्षभर १० ते १५ हजारांच्या आसपास घुटमळणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात तीन लाख आले, तर तो पैसा दाखवण्यापुरता आणला आहे असेच समजले जाते. जमा खरी असेल, जसे की भिशीचे पैसे, मुदत ठेवीची मुदत संपणे, गाडीची विक्री किंवा भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, तर तिचा कागद जोडून पत्रात तारखेसह एक ओळ लिहावी. भिशीचा कागद नसतो, त्यामुळे ती रक्कम हिशेबाबाहेर ठेवलेलीच बरी. सोने तारण ठेवून आणलेले पैसे दाखवल्यास ते कर्ज म्हणूनच मोजले जाईल आणि शिल्लक वाढण्याऐवजी जबाबदारी वाढलेली दिसेल.

सासरे किंवा वडील खर्चाला हातभार लावणार असतील तर?

हरकत नाही. खर्च उचलणारे एकापेक्षा जास्त असू शकतात. फक्त कोण कशाचा खर्च करणार हे निःसंदिग्ध असावे. निवृत्त शिक्षक असलेले सासरे तिकीट काढून देणार असतील, तर त्यांचे पत्र, निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या खात्याचे स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा एवढे पुरते. चार-पाच काका-मामांची पत्रे गोळा करून फाइल फुगवू नये. त्यातून आधार भक्कम दिसण्याऐवजी कोणा एकालाही खर्च झेपत नाही असा अर्थ निघतो.

मुदत ठेवी, दागिने, घर यांचा उपयोग होतो का?

लगेच मोडता येणारी मुदत ठेव हा पैसा आहे. तिची पावती आणि बँकेचे पत्र जोडावे. घर, जमीन, दागिने हा भेटीच्या खर्चाचा पैसा नव्हे. घर आणि जमीन यांच्यामुळे अर्जदार परत येईल असे मानण्यास मात्र बळ मिळते, म्हणून ती त्या हेतूने दाखवावीत. चार्टर्ड अकाउंटंटकडून एकूण मालमत्तेचे प्रमाणपत्र घेण्यास काही हजार रुपये लागतात आणि मागे बँकेचे कागद नसतील तर त्याला फारसे वजन नसते. गाडीचे आरसी बुक, क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट, शैक्षणिक प्रमाणपत्रे, विमानाचे किंवा हॉटेलचे आरक्षण, प्रवास विमा हे सर्व सरकारी मार्गदर्शिकेने अनावश्यक ठरवले आहे. तिकीट व्हिसा मिळाल्यावरच काढावे.

पतीचे हमीपत्र पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून लागते का?

लागत नाही. साध्या कागदावर, तारखेसह, सही केलेले पत्र चालते. नोटरीच्या शिक्क्याने खात्यातली शिल्लक वाढत नाही. पत्र एका पानाचे असावे आणि त्यात स्वतःचा पत्ता, व्हिसाचा प्रकार व मुदत, नोकरी किंवा अभ्यासक्रम, पत्नीचे पासपोर्टवरील नाव, भेटीच्या तारखा, राहण्याची जागा आणि खर्चाची वाटणी हे यावे. इंग्रजीत लिहायच्या त्या पत्रातील मुख्य मजकूर साधारण असा असू शकतो : ‘माझी पत्नी १० मे ते १४ जून या काळात माझ्याकडे राहील. तिचे तिकीट माझे वडील काढत असून त्यांचे पत्र सोबत आहे. राहणे, जेवण आणि येथील प्रवास यांचा सुमारे ५०० पौंड खर्च मी माझ्या बचतीतून करीन. माझ्या खात्यात आज २,१०० पौंड आहेत. १६ जूनला तिला तिच्या शाळेत रुजू व्हायचे आहे.’ विरह, सासू-सासऱ्यांची इच्छा, ब्रिटनच्या संस्कृतीचे कौतुक यांवर परिच्छेद लिहिण्याची गरज नाही.

लग्नानंतर नाव बदलले असेल आणि पासपोर्टवर माहेरचे नाव असेल, तर सर्व कागदांत कोणते नाव कुठे आहे हे याच पत्रात सांगावे. बँकेत एक, विवाह प्रमाणपत्रात दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे नाव असणे महाराष्ट्रात नवलाचे नाही, पण परक्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या स्त्रिया वाटू शकतात.

मी सामायिक घरातल्या एका खोलीत राहतो. राहण्याची सोय कशी दाखवू?

भाडेकराराची प्रत आणि घरमालकाचे दोन ओळींचे संमतिपत्र किंवा ईमेल : ‘माझ्या भाडेकरूची पत्नी अमुक तारखांदरम्यान त्याच्या खोलीत राहील, त्यास हरकत नाही.’ विद्यापीठाच्या वसतिगृहांत पाहुण्याला काही रात्रींपेक्षा जास्त राहू देत नाहीत, हे विद्यार्थी बहुधा विसरतात. तशी अट असल्यास मित्राच्या घराची किंवा भाड्याच्या खोलीची सोय करून तिचा खर्च हिशेबात धरावा.

ऑनलाइन अर्जातील पैशांच्या प्रश्नांची उत्तरे कशी द्यावीत?

अर्जात तुमचे उत्पन्न, इतर बचत, तुमचा दरमहाचा खर्च, भेटीवर तुम्ही स्वतः किती खर्च करणार, दुसरे कोणी पैसे देणार का, किती आणि का, असे प्रश्न येतात. येथे केलेली घाई नंतरच्या कोणत्याही कागदाने भरून निघत नाही. उत्पन्न २० हजार आणि मासिक खर्चही २० हजार लिहिला, तर बचत कुठून आली? सासरी राहणाऱ्या स्त्रीचा स्वतःचा खर्च अनेकदा तीन-चार हजारच असतो, कारण घरखर्च सासरे चालवतात. मग तेवढाच लिहावा आणि कारण पत्रात सांगावे. रुपये आणि पौंड यांची गल्लत होऊ नये म्हणून आकड्यापुढचे चलन दोनदा तपासावे. एजंटने अर्ज भरला असेल तर पैसे भरण्यापूर्वी पूर्ण अर्जाची पीडीएफ मागून घ्यावी आणि घरी बसून वाचावी. खालची सही तुमची असते.

सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क ९ एप्रिल २०२५ रोजी १२७ पौंड झाले. अर्ज नाकारला गेला तर ते परत मिळत नाही. बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी मुंबई, पुणे अशा शहरांतील व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीच्या केंद्रात जावे लागते, पण निर्णय व्हीएफएस घेत नाही. तिथे जादा शुल्काच्या सोयी देऊ केल्या जातात. त्यांपैकी एकही व्हिसा मिळण्याची शक्यता वाढवत नाही.

व्हिसा सहा महिन्यांचा आहे, तर सहा महिने राहण्याचा बेत का सांगू नये?

कायद्याने सांगता येतो. परंतु कमी उत्पन्नात सहा महिन्यांचा खर्च दाखवणे अवघड असते आणि नोकरी-घर सोडून इतके दिवस राहणारी व्यक्ती पाहुणी आहे की संसार थाटायला आली आहे, हा प्रश्न उभा राहतो. चार ते सहा आठवडे हा पहिल्या भेटीसाठी समंजस कालावधी आहे. ‘वर्षातून १८० दिवसच राहता येते’ असा नियम नाही, पण वारंवार येऊन ब्रिटनलाच घर करणे नियमांत बसत नाही.

पुण्याच्या कंपनीचे काम लॅपटॉपवरून करणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून भेटीदरम्यान आपल्या परदेशातील नोकरीचे काम दूरस्थपणे करता येते, मात्र ते भेटीचे मुख्य कारण असता कामा नये. ब्रिटनमधील कंपनीसाठी काम करता येत नाही.

पैसे पुरेसे असूनही ‘परत जाल याची खात्री नाही’ असे का म्हणतात?

कारण नवरा तिथे आहे. अधिकाऱ्याच्या दृष्टीने परत येण्याचे सर्वांत मोठे कारण असलेली व्यक्तीच ब्रिटनमध्ये असते, म्हणून बाकीची कारणे कागदावर यावी लागतात : रजा मंजूर झाल्याचे आणि रुजू होण्याची तारीख असलेले कार्यालयाचे पत्र, शाळेत जाणारे मूल येथे राहणार असल्यास त्याचे बोनाफाइड प्रमाणपत्र, सुरू असलेला अभ्यासक्रम, हंगामातील शेती. पतीचा व्हिसा केव्हा संपतो आणि त्यानंतर जोडप्याचा बेत काय, हेही एका वाक्यात सांगावे. व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनमध्ये जाऊन तिथेच अवलंबित व्हिसात बदल करता येत नाही. तो विचार मनात असेल तर हा मार्गच चुकीचा आहे.

आम्ही गोव्याचे आहोत. माझ्या पतीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. आम्हालाही हेच लागू आहे का?

कदाचित नाही. स्विंडन आणि साउथॉलमध्ये राहणाऱ्या अनेक गोमंतकीयांकडे युरोपीय नागरिक म्हणून मिळालेला सेटल्ड (कायम वास्तव्याचा) किंवा प्री-सेटल्ड (मुदतीच्या वास्तव्याचा) दर्जा आहे. पतीकडे असा दर्जा असेल आणि तुमचे नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जुळलेले असेल, तर ईयू सेटलमेंट स्कीमच्या फॅमिली परमिटचा, म्हणजे अशा युरोपीय नागरिकांच्या कुटुंबीयांसाठीच्या प्रवेश परवान्याचा, विचार आधी करावा. त्याला शुल्क नाही आणि उत्पन्नाची अटही नाही. नाते त्यानंतरचे असेल तर वरची सर्व उत्तरे तुम्हालाही लागू होतात.

एजंट व्हिसाची हमी देतो. विश्वास ठेवावा का?

हमी देणे कोणाच्याही हातात नाही. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनविषयक सल्ला देणाऱ्याची इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी किंवा वकील म्हणून मान्यता असावी लागते आणि नोंदणीकृतांची यादी कोणालाही पाहता येते. भारतातल्या गल्लीतल्या एजंटवर असे बंधन नाही. ‘खात्यात पैसे आम्ही दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या पायरीवरूनच परत फिरावे.

अर्ज नाकारला गेला. आता काय?

व्हिजिटर व्हिसाच्या नकाराविरुद्ध सर्वसाधारणपणे अपील करता येत नाही. न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून आहे का हे न्यायाधीशांकडून तपासून घेण्याचा, मार्ग असतो, पण अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला तो परवडणारा नाही. नवा अर्ज केव्हाही करता येतो, प्रतीक्षेचा काळ ठरवलेला नाही. मात्र तेच कागद पुन्हा पाठवणे म्हणजे शुल्क वाया घालवणे होय. नकारपत्र ओळीओळीने वाचावे. त्यात ‘५ मार्चच्या जमेचा स्रोत स्पष्ट नाही’ असे असेल तर उत्तरही त्या जमेचेच द्यावे. त्याऐवजी आणखी एका काकांचे हमीपत्र जोडून काही साधत नाही. खात्याची ठेवण सुधारायची असेल तर चार-सहा महिने जाऊ द्यावेत. नव्या अर्जात आधीचा नकार सांगणे बंधनकारक आहे. दुसऱ्या देशाने नाकारलेला व्हिसाही त्यात येतो.

व्हिसा मिळाल्यावर विमानतळावर पुन्हा पैशांविषयी विचारतात का?

विचारू शकतात. प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार सीमेवरील अधिकाऱ्यालाही असतो. पतीचे पत्र, त्याचा पत्ता व फोन क्रमांक, परतीचे तिकीट आणि स्टेटमेंटच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, चेक-इन केलेल्या सामानात नव्हे. अर्जात पाच आठवडे लिहिले असतील तर तिकीटही त्याच्याच जवळपासचे असावे. आजारपणाची तरतूदही आधीच करावी : व्हिजिटरला रुग्णालयातील बहुतेक उपचार मोफत नसतात आणि एनएचएस ही ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा त्यासाठी नेहमीच्या दराच्या १५० टक्के आकारते. म्हणूनच प्रवास विमा व्हिसासाठी लागत नसला, तरी तिकिटासोबत तो काढावा आणि त्याचा हप्ता भेटीच्या हिशेबात पहिल्यापासून धरावा.